लालफीत म्हणताना

वर्तमानपत्र उघडलं की काही ना काही लालफितीत अडकलेलं असतंच. कधी उड्डाणपूल, कधी शाळेची इमारत, कधी शेतकऱ्याची नुकसानभरपाई. बातमी खालपर्यंत वाचली की कळतं, पुलाचा ठेकेदार काम अर्धवट टाकून गेलाय, शाळेच्या जागेचा वाद कोर्टात आहे आणि भरपाईचे पैसे वरूनच आलेले नाहीत. तिन्हीकडचं दुखणं वेगळं, मथळा मात्र एकच.

शब्द असा सढळ हाताने वापरला की फायदा कुणाचा होतो? ज्यानं काम अडवलं त्याचा. ‘लालफितीत अडकलं’ या वाक्यात अडकवणारा कुणी नसतोच. न आलेला निधी, न केलेली सही, मुद्दाम दाबलेली फाईल, सगळे त्या फितीमागे सुखाने लपतात. लालफीत, कागदी घोडे, टोलवाटोलवी, भिजत घोंगडं, दप्तरदिरंगाई या शब्दांचं कुटुंब मोठं आहे आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कुठला शब्द कुठे बसतो आणि कुठे मुळीच वापरायचा नसतो, ते एकदा नीट पाहून घेतलेलं बरं.

लालफितीची पारख सोपी आहे. कागद पूर्ण आहेत, पैसा आहे, कुणाची हरकत नाही, कुणी नकारही दिलेला नाही. तरीही सहीसाठी आधी दुसरी सही हवी, दाखल्यासाठी आधी दुसरा दाखला हवा, म्हणून काम ठप्प आहे. असं असेल तर बेलाशक लालफीत म्हणा. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर दुसरा शब्द शोधा.

उत्तर प्रदेशातल्या आझमगडचे लाल बिहारी यांचं प्रकरण या पारखीवर घासून पाहण्यासारखं आहे. महसूल दप्तरात ते १९७५ पासून मयत होते. जमिनीसाठी नातेवाइकांनीच तशी नोंद करवून घेतली होती. आता ही नोंद झाली, त्याला लालफीत म्हणता येणार नाही. ती सरळ सरळ लबाडी. पण जिताजागता माणूस समोर उभा राहून ‘मी जिवंत आहे’ म्हणत असताना ती नोंद दुरुस्त व्हायला १९९४ साल उजाडलं, ती मात्र अस्सल लालफीत. बिचाऱ्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं आणि आपल्यासारख्या कागदोपत्री मेलेल्यांचा संघच काढला. एकाच गोष्टीचा पहिला भाग एका शब्दाचा आणि दुसरा दुसऱ्या शब्दाचा, असं नेहमीच होतं. सगळ्याला एकच शब्द चिकटवला की पहिल्या भागातले लबाड सुटतात.

आज साठी-सत्तरीत असलेल्यांना स्कूटरचं बुकिंग करून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहिलेली आठवत असेल. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हेसुद्धा लायसन्सने ठरत असे. घेणारा पैसे घेऊन तयार, बनवणारा बनवायला तयार, मध्ये परवाना. ही लालफीतच, पण तिला त्या काळाचं स्वतंत्र नाव आहे: लायसन्स-परमिट राज. राजगोपालाचारींनी ते रूढ केलं. १९९१च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरचं लायसन्सचं बंधन उठलं. त्यामुळे आज रेशनकार्डावर नाव चढत नाही म्हणून ‘परमिट राज आलंय’ असं कुणी लिहिलं की वाचणारा उगाच नेहरूकाळात जाऊन पोचतो.

आता थोडं व्याकरण, कारण चुका इथेच जास्त होतात. फीत हा शब्द स्त्रीलिंगी. विभक्ती लागली की ‘फी’ ऱ्हस्व होते: जमीन, जमिनीत, फीत, फितीत. म्हणून लालफितीत, लालफितीचा, लालफितीमुळे. ‘लालफीतीत’ असं छापलेलं दिसतं, ते चूक. ‘शाही’ जोडताना मात्र विभक्ती लागत नाही, त्यामुळे तिथे दीर्घच: लालफीतशाही. आणि ‘लालफीताशाही’ ही हिंदीतून आलेली पाहुणी. हिंदीत फीता पुल्लिंगी आहे, आपल्याकडे नाही. बातम्यांच्या वाहिन्यांवर ती आता कायमची राहायला आलीय, तरी तुम्ही लिहिताना दारातून परत पाठवा.

क्रियापदंही ठरलेली आहेत. काम लालफितीत अडकतं, योजनेला लालफितीचा फटका बसतो, प्रस्ताव एकदाचा लालफितीतून सुटतो, खात्याचा कारभार लालफितीचा असतो. ‘साहेबांनी माझी लालफीत केली’ असं कुणी म्हणत नाही आणि ‘तो कारकून फार लालफीत आहे’ असंही नाही. फीत कारभाराला असते, माणसाला नसते. माणूस कामचुकार असतो, नियमावर बोट ठेवणारा असतो, अडेलतट्टू असतो. हा फरक सांभाळण्यात थोडी माणुसकीही आहे. टेबलापलीकडचा कारकून ज्या नियमाने तुम्हाला तिसरी झेरॉक्स मागतो, तो नियम त्याने केलेला नसतो. ती झेरॉक्स नसेल तर लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

फीत आपल्याकडे आली ती साहेबाबरोबर. इंग्लंडात कायद्याचे कागद तांबड्या सुती फितीने बांधत, आणि तिथल्या लेखकांनी एकोणिसाव्या शतकात त्या फितीची भरपूर टिंगल केली. डिकन्सने तर ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत कुठलंही काम कसं करायचं नाही यातच निष्णात असलेलं एक अख्खं सरकारी खातं उभं केलं. आपले कागद त्याआधी कापडात बांधलेले असत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले गठ्ठे आजही ‘रुमाल’ म्हणूनच मोजले जातात. ‘बासनात गुंडाळणं’ हा वाक्प्रचारही याच कापडी घराण्यातला. आता ई-ऑफिसमध्ये ना फीत उरलीय ना बासन, फाईल पडद्यावर हलते. तिथलं नवं कारण ‘सर्व्हर डाऊन आहे’. वाक्प्रचार म्हणून त्यालाही लवकरच बढती मिळेल अशी चिन्हं आहेत.

प्रत्येक शब्दाची जागा कळायला एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावं. वारसनोंद घेऊ. महाराष्ट्रात शेतजमीन असलेल्या जवळपास प्रत्येक घराला कधी ना कधी यातून जावं लागतं.

वडील गेले. सातबारावर आईचं आणि मुलांचं नाव लावायचं आहे. जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) घरातच ठरत नाही. धाकटा म्हणतो आधी वाटणी करू. बहीण हक्कसोडपत्रावर सही करणार की नाही हे तिला कुणी विचारलेलंच नाही, सगळ्यांनी गृहीत धरलंय. वर्ष निघून जातं. लग्नात कुणी विचारलं तर थोरला म्हणतो, ‘अहो, नोंद लालफितीत अडकलीय.’ नाही, दादा. अर्जच गेलेला नाही. याला घरातलं भिजत घोंगडं म्हणतात. निर्णय घेणारेच निर्णय घेत नाहीत, ना हो ना नाही, नुसतं भिजतंय, तेव्हा हा शब्द. सरकारला तो लागू पडतो आणि घरालाही.

शेवटी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र वगैरे जोडून अर्ज जातो. तलाठी फेरफाराची नोंद घेतात, नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात. दहाव्या दिवशी तुम्ही जाता, उत्तर मिळतं, ‘मुदत संपू द्या.’ इथेही लालफीत म्हणायचं नाही. ते पंधरा दिवस कायद्याने ठेवले आहेत, उद्या तुमच्याच चुलत्याने तुम्हाला न सांगता नोंद घातली तर तेच दिवस तुमच्या कामी येणार आहेत. सरकारी भाषेत अशा कागदाला ‘प्रतीक्षाधीन’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण प्रामाणिक. वाक्य करायचं तर: ‘नोंद घातलीय, हरकतीची मुदत चालू आहे.’ बस.

पंधरा दिवस सरतात. कुणाची हरकत नाही. आता मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. इथून पुढे खरी भाषा सुरू होते.

मंडळ अधिकारी म्हणतात, तलाठ्याकडून प्रकरण आलेलंच नाही. तलाठी म्हणतात, मी मागेच पाठवलंय, तिकडे बघा. तिकडे गेलं की अव्वल कारकून म्हणतो, आवकला दिसत नाही. ही टोलवाटोलवी. तिला किमान दोन टेबलं लागतात, आणि चेंडू तुम्ही. ‘तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्या टोलवाटोलवीत दोन महिने गेले’ हे वाक्य चोख आहे, कारण कोण कुणाकडे टोलवतं ते त्यातच आलंय. एकाच माणसाने ‘उद्या या, परवा या’ केलं तर टोलवाटोलवी नाही, ती चालढकल. तोच माणूस दर वेळी आशा दाखवून परत पाठवत असेल तर झुलवत ठेवणं.

या सगळ्यात तुमचं जे होतं, त्याचे शब्द वेगळे. हेलपाटे, खेटे, चपला झिजवणं, उंबरठे झिजवणं. तेही एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. हेलपाटा म्हणजे गेलो, काम झालं नाही, रिकाम्या हाताने परत आलो. त्यात अंतर आणि दमणूक आहे. गावाहून तालुक्याला एस.टी.ने जाऊन साहेब नाहीत म्हणून परत येणं हा हेलपाटा. शहरात ऑफिसच्या वाटेवरच्या वॉर्ड ऑफिसात डोकावणं हा खेटा. खेटे घालण्यात दमणूक कमी आणि चिकाटी जास्त. उंबरठे झिजवणं याचनेच्या अंगाने जातं. ते मंत्र्यांचे, पुढाऱ्यांचे झिजवतात, तलाठ्याचा उंबरठा सहसा कुणी झिजवत नाही. शिवाय उंबरठे अनेक लागतात, चपलांचा एक जोड पुरतो.

मग एक दिवस प्रकरण सापडतं. त्यावर शेरा असतो: वारसांपैकी एकाच्या नावात आधारकार्डावर आणि अर्जावर फरक. ‘गणपत’ आणि ‘गणपतराव’. प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. मग कळतं, प्रतिज्ञापत्र चालेल की राजपत्रात प्रसिद्धी लागेल ते वर विचारावं लागेल. वर विचारलं. वरून पत्र आलं, स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा. स्थानिक पातळी म्हणते, आम्ही तर तुम्हालाच विचारलं होतं. आता म्हणा. घसा मोकळा करून म्हणा, ‘एका ‘राव’साठी आमची नोंद लालफितीत अडकलीय.’ कागद पूर्ण, हरकत नाही, नकार नाही, आणि प्रत्येक जण नियमानेच वागतोय. पारखीत सगळं बसतं.

याच टप्प्यावर आणखी एक शब्द तोंडावर येतो, कागदी घोडे नाचवणं. तो जपून वापरा. लालफितीत कागद हलत नाही. कागदी घोड्यांत कागद तर दौडतात, प्रत्यक्षात काहीच घडत नाही. आढावा बैठका, अहवाल, स्मरणपत्रं, छायाचित्रांसह पूर्तता प्रमाणपत्र, आणि जागेवर जाऊन बघावं तर खड्डा. मकरंद अनासपुरे यांच्या ‘जाऊ तिथे खाऊ’ या २००७च्या चित्रपटात विहीर कागदावर खोदून पूर्ण होते आणि मग ती चोरीला गेल्याची तक्रार होते. त्या विहिरीला लालफीत म्हणणं म्हणजे तिचा अपमान. तिथे तर लालफितीचा मागमूस नाही, सगळी बिलं वेळेत निघालीत. कागदी घोडे म्हणायला हरकत नाही, पण पैसे खाल्लेले असतील तर तोही शब्द सौम्यच.

बासनात गुंडाळणं आणि केराची टोपली यांतही लोक गल्लत करतात. केराची टोपली दाखवली म्हणजे अर्ज, सूचना, शिफारस पार बेदखल केली, त्यात अवमान आहे. बासनात गुंडाळलं म्हणजे आदराने बाजूला ठेवलं. समितीचे अहवाल नेहमी बासनात जातात, सामान्य माणसाचे अर्ज टोपलीत. ‘समितीच्या अहवालाला केराची टोपली दाखवली’ असं लिहिलंत तर सरकारने तो उघड धुडकावलेला असला पाहिजे. नुसता विसरला असेल तर बासन.

एक सावधगिरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फाईल पैशासाठी अडवली असेल तर लालफीत हा शब्द उच्चारूच नका. ‘थोडं वजन ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही’, ‘चहापाण्याचं बघा’, ‘चिरीमिरी’, ‘टेबलाखालून’, आपली भाषा या बाबतीत फार मायाळू आहे. गुन्ह्यासाठी इतके लाडाचे शब्द कुठल्या भाषेत असतील कुणास ठाऊक. त्यात लालफीत आली की लाच मागणारा एकदम व्यवस्थेचा बळी वाटू लागतो. पैसे मागितले असतील तर वाक्य एकच: लाच मागितली. रक्कम, तारीख, जागा लिहून ठेवा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री क्रमांकावर बोला. तिथे वाक्प्रचारांची गरज पडत नाही.

बोलण्यातला सगळ्यात लाडका वाक्प्रचार अजून राहिलाच: सरकारी काम, सहा महिने थांब. यात कुणावर आरोप नाही, तळमळ नाही, एक प्रकारची हसरी शरणागती आहे. म्हणून तो घरात शोभतो. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, नवरा ‘रविवारी बघतो’ म्हणतोय, तेव्हा बायको म्हणते, ‘तुमचं म्हणजे सरकारी काम, सहा महिने थांब!’ टोला बसतो, भांडण होत नाही. मित्राने उसने पैसे परत करायला उशीर केला, शिंप्याने ब्लाउज दिला नाही, लेकाने मार्कलिस्ट आणली नाही, सगळीकडे चालतो. चालत नाही तो एकाच ठिकाणी, प्रत्यक्ष सरकारी कचेरीत. खिडकीपलीकडच्या माणसाला हे ऐकवलं की त्याला वाटतं, आता सहा महिने लावायला हरकत नाही, अपेक्षाच तेवढी आहे.

खाजगी कारभारालाही लालफीत लागू पडते, पण आडवळणाने. बँक केवायसीसाठी तिसऱ्यांदा तेच कागद मागते, विमा कंपनी हॉस्पिटलचा मूळ कागद हवा म्हणते आणि हॉस्पिटल म्हणतं मूळ कागद आम्ही देत नाही. इथे ‘बँकांची लालफीत सरकारी कचेरीला मागे टाकेल’ असं वाक्य सहज बसतं, तुलनेतून. सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र मात्र बहुतेक वेळा लालफितीत नसतं. ते सेक्रेटरीच्या रागात असतं. मागच्या वार्षिक सभेत तुम्ही काय बोललात ते आठवून पाहा.

निवृत्तांसाठी एक खास वाक्य. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. आजोबा बँकेत जातात, नेहमीच्या टेबलापाशी नमस्कार-चमत्कार होतो, ‘काय अण्णा, तब्येत कशी?’ विचारलं जातं, आणि मग तोच माणूस म्हणतो, ‘तेवढा जिवंत असल्याचा फॉर्म भरा.’ ‘जीवन प्रमाण’ आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, बोटाच्या ठशावर घरबसल्याही हे होतं. बोटाचे ठसे म्हातारपणी पुसट होतात आणि यंत्र हयात मानायला तयार होत नाही, तेव्हा अण्णा म्हणतात ते खरं: ‘मी आहे, पण कागदोपत्री नाही.’ हा ‘कागदोपत्री’ फार कामाचा शब्द आहे. रस्ता कागदोपत्री झालाय, गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त आहे, शिक्षक कागदोपत्री हजर आहेत. कुणावर आरोप न करता वस्तुस्थिती आणि नोंद यांतली फट एका शब्दात दाखवता येते.

इथपर्यंत बोलण्याचं झालं. लिहिताना, विशेषतः अर्ज लिहिताना, हे सगळे शब्द खिशात ठेवून द्यायचे. असे अर्ज ढिगाने येतात:

‘आपल्या कार्यालयातील लालफितीच्या कारभारामुळे मला गेले कित्येक महिने नाहक हेलपाटे मारावे लागत असून अधिकारी टोलवाटोलवी करीत आहेत. तरी या दप्तरदिरंगाईची गंभीर दखल घ्यावी.’

मराठी म्हणून काही वाईट नाही. अर्ज म्हणून निकामी, कारण यात उत्तर देण्यासारखं काहीच नाही. कुठलं प्रकरण, कधी दिलं, कुठे थांबलं, काय हवं, एकाचाही पत्ता नाही. कारकून त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून फाईलला लावतो आणि त्याचं कर्तव्य पार पडतं. तोच मजकूर असा लिहा:

‘मौजे … येथील गट क्रमांक … बाबत वारसनोंदीचा अर्ज दिनांक … रोजी सादर केला असून त्याचा आवक क्रमांक … आहे. फेरफार क्रमांक … वरील हरकतीची मुदत दिनांक … रोजी संपली. मुदतीत हरकत आलेली नाही. नोंद अद्याप प्रमाणित झालेली नाही. त्रुटी असल्यास त्या सर्व एकत्रित लेखी कळवाव्यात, नसल्यास नोंद प्रमाणित करण्यात यावी.’

यात राग कुठेच नाही, पण टाळायला जागाही नाही. ‘सर्व एकत्रित’ हे दोन शब्द विसरू नका. एकेक त्रुटी काढत नेण्याच्या खेळावर तेवढाच उतारा आहे. जोर द्यायचा असेल तर कायद्याचा द्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम लोक ‘दप्तरदिरंगाई कायदा’ म्हणून ओळखतात. त्याच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. हे एक वाक्य, कलमासह, कुठल्याही वाक्प्रचारापेक्षा लवकर वाचलं जातं.

दाखले आणि इतर अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कुठली सेवा किती दिवसांत, कोण देणार, अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. मुदत टळली तर अपील करा. पुरेशा कारणाशिवाय सेवा न दिल्याचं ठरलं तर जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. अपिलात लिहायचं ते ‘मुदतीत सेवा मिळाली नाही’ एवढंच. ‘विलंब’, ‘प्रलंबित’, ‘मुदत’, ‘पूर्तता’ हे शब्द निर्जीव वाटतात खरे, पण त्यांना कायद्यात जागा आहे. लालफितीला नाही.

माहिती अधिकारात तर प्रश्नाच्या भाषेवरच सगळं अवलंबून असतं. ‘माझ्या कामाला उशीर का झाला?’ असं विचारलं की उत्तर येतं, कारणमीमांसा ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. त्याऐवजी विचारा: अमुक आवक क्रमांकाचं प्रकरण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे होतं, आणि त्या काळात त्यावर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा असतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दीडशे शब्दांत शिव्यांना जागा राहत नाही हे एका अर्थी बरंच आहे. पुष्कळदा असा अर्ज गेल्यावर माहिती यायच्या आधी कामच होऊन येतं.

वाचकांच्या पत्रव्यवहारात वाक्प्रचार चालतो, तिथे तो हवाही. पण एकच, आणि तारखांनंतर. आधी वस्तुस्थिती तीन वाक्यांत, मग ‘हे लालफीत नव्हे तर काय?’ पत्रात लालफीत, कागदी घोडे आणि केराची टोपली तिन्ही आली की संपादक तिन्ही कापतो आणि खाली तुमचं नाव तेवढं उरतं.

खिडकीपाशी उभं असताना तर प्रश्नच विचारावेत. गावात तलाठ्याला, ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, शहरात साहेब किंवा मॅडम. त्यात कंजुषी करू नये. ‘भाऊसाहेब, याची पोच मिळेल ना? शिक्का आणि आवक नंबर दोन्ही टाका.’ ‘मॅडम, फाईल सध्या कुणाकडे मार्क झालीय?’ ‘पुटअप कधी होईल, तेव्हाच येतो, उगाच तुमचा वेळ नको.’ ‘काही कमी असेल तर सगळं एकदाच लिहून द्या, एका फेरीत आणतो.’ आणि साहेब मीटिंगला गेलेत असं कळलं तर मीटिंग कुठली ते विचारत बसू नका. ‘साहेबांच्या गैरहजेरीत चार्ज कुणाकडे असतो?’ एवढंच विचारा. कुणाकडे तरी तो असतोच, आणि ते टेबल बहुधा शेजारच्याच खोलीत असतं.